बाहुली लहान करणारे थेंब

काचबिंदूच्या औषधांची चर्चा निघाली की पायलोकार्पीनचे नाव आता क्वचितच ऐकू येते. ब्राझीलमधील जाबोरांडी या झुडपाच्या पानांतून १८७५ मध्ये हे द्रव्य वेगळे करण्यात आले आणि त्यानंतर थोड्याच काळात ते डोळ्यातील दाब उतरवण्यासाठी वापरले जाऊ लागले. पुढची जवळपास शंभर वर्षे काचबिंदू म्हटला की दिवसातून चार वेळा हेच थेंब, असा रिवाज होता. अमेरिकेत १९७८ मध्ये टिमोलॉलला आणि १९९६ मध्ये लॅटॅनोप्रोस्टला मान्यता मिळाली, दिवसातून एकदोनदा घालायचे आणि नजरेला कमी त्रास देणारे थेंब हाती आले आणि हे जुने औषध मागे पडले. तरीही ज्यांच्या डोळ्यातील कोन, म्हणजे आतले पाणी बाहेर जाण्याची कडेची फट, अरुंद असतो, त्यांच्या उपचारात त्याची गरज आजही पडते. आणि आपल्याला ते कशासाठी दिले आहे, हे नेमके अशाच रुग्णांना पुरेसे समजावून सांगितले जात नाही, असे माझे ठाम मत आहे.

हे मत माझ्या आत्यामुळे झाले. आत्या ठाण्यात चरईत राहते. तिला संध्याकाळी दिव्यांभोवती रंगीत कडी दिसायची आणि कपाळ दुखायचे, तेव्हा घरातल्या सर्वांनी ते पित्तावर घातले होते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी गोनिओस्कोपी करून, म्हणजे डोळ्यावर विशिष्ट भिंग टेकवून आतला कोन पाहून, तो फार अरुंद असल्याचे सांगितले. लेझरची तारीख दिली आणि तोवर घालायला पायलोकार्पीनचे दोन टक्क्यांचे थेंब लिहून दिले. दुसऱ्याच दिवशी तिचा फोन आला : "अगं, या औषधाने मला आणखीच कमी दिसायला लागलंय. बंद करू का?" कोपिनेश्वराच्या देवळातून परतताना जांभळी नाक्याच्या गर्दीत तिला रस्ता अंधुक दिसत होता आणि भुवईच्या वर ठणकत होते. औषध आपल्याला बाधले, अशी तिची पक्की समजूत झाली होती.

वास्तविक ती दोन्ही लक्षणे औषध काम करीत असल्याची होती. पायलोकार्पीन परितारिकेतील, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्यातील, वर्तुळाकार स्नायू आवळते, त्यामुळे बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी होते. एवढ्याशा छिद्रातून प्रकाश कमी शिरतो. म्हणून तिन्हीसांजेनंतर सगळे काळवंडलेले वाटते, आणि सोबत मोतीबिंदू असेल तर अधिकच. त्याच वेळी नेत्रभिंगाला आकार देणारे समायी स्नायूही आकुंचन पावतात. भुवईतील ठणका त्यातूनच येतो आणि विशेषतः तरुण माणसाला दूरचे धूसर दिसू लागते. हा ठणका बहुधा काही दिवसांत ओसरतो. हे आधी कळले असते, तर आत्या घाबरली नसती आणि तिने थेंबही बंद करायला काढले नसते. तिच्या डॉक्टरांना फोन लावून आम्ही खात्री करून घेतली आणि तिने थेंब चालू ठेवले.

दाब उतरण्याची रीत काचबिंदूच्या प्रकारानुसार वेगळी असते. कोन उघडा असेल, तर समायी स्नायूंच्या ओढीने डोळ्यातील पाणी वाहून नेणारी जाळी ताणली जाते आणि निचरा सुधारतो. कोन अरुंद असेल, तर बाहुली लहान होताना परितारिकेचा कडेचा भाग आत ओढला जातो आणि जाळीवरून बाजूला होतो. मात्र कोन अचानक पूर्ण बंद होऊन झटका येतो, डोळा लाल होतो, असह्य दुखते, उलट्या होतात, तेव्हा घरी ठेवलेल्या बाटलीवर विसंबून राहणे धोक्याचे आहे. डोळ्यातील दाब एरवी पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर इतका असतो. झटक्यात तो ४०च्याही पुढे जातो, परितारिकेच्या स्नायूला रक्त पुरत नाही आणि मग थेंब कितीही घातले तरी बाहुली हलत नाही. म्हणून रुग्णालयात आधी ॲसिटाझोलामाइड, टिमोलॉल, प्रसंगी शिरेतून मॅनिटॉल देऊन दाब खाली आणतात आणि मग पायलोकार्पीन वापरतात. उलट्यांमुळे अनेक रुग्ण आधी पोटाच्या डॉक्टरांकडे जातात आणि मोलाचे तास निघून जातात, याचे मला फार वाईट वाटते.

लेझरच्या दिवशीही हेच थेंब घालून आत्याला बाहेर बसवून ठेवले होते. त्यामागचे कारण तिथल्या परिचारिकेने आपणहून सांगितले, त्याबद्दल मला तिचे कौतुक वाटले. चुण्या पडलेले कापड ताणले की जसे सपाट आणि पातळ होते, तशी बाहुली आवळली की परितारिका ताणली जाते, आणि तिच्या कडेला लेझरने बारीक छिद्र पाडणे सोपे होते. त्या छिद्रातून पाण्याला नवी वाट मिळते. त्यानंतर आत्याचे पायलोकार्पीन बंद झाले आणि सूज उतरवणारे थेंब काही दिवस चालले.

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत या औषधाचा आणखी एक उपयोग आहे. शस्त्रक्रियेसाठी बाहुली मोठी केलेली असते; कृत्रिम भिंग बसवल्यावर काही वेळा शल्यविशारद अर्धा टक्का पायलोकार्पीन थेट डोळ्याच्या आत सोडतात, म्हणजे बाहुली आवळते आणि भिंग तिच्या मागे जागेवर राहते. हे द्रावण परिरक्षक, म्हणजे औषध टिकवणारे द्रव्य, न घातलेले, खास इंजेक्शनसाठीचे असते. घरच्या थेंबांतील परिरक्षक आत गेले, तर पारपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, आतील पेशींना इजा होऊ शकते.

आता ज्यांनी हे थेंब अनेक वर्षे घातले आहेत, अशा वडीलधाऱ्यांविषयी. दीर्घ वापराने बाहुली ताठर होते आणि मोतीबिंदूच्या वेळी औषध घालूनही पुरेशी उघडत नाही. तेव्हा शल्यविशारदांना बारीक हूक किंवा कडे वापरून ती रुंदावून घ्यावी लागते. त्याची तयारी आधी असायला हवी, म्हणून थेंब पूर्वीच बंद झाले असले तरी ते किती वर्षे घातले, हे तपासणीतच सांगावे. डोळ्याच्या आत सूज असेल, तर हे औषध ती वाढवते. पूर्वी दृष्टिपटल फाटले किंवा सुटले असेल, किंवा चष्म्याचा उणे नंबर मोठा असेल, तर थेंब सुरू करण्याआधी दृष्टिपटल तपासून घेणे आवश्यक असते. काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पुष्कळदा अॅट्रोपीनसारखे, म्हणजे नेमके उलट काम करणारे औषध दिले जाते. त्यामुळे फ्रिजमध्ये उरलेली पायलोकार्पीनची जुनी बाटली शस्त्रक्रियेनंतर मनाने पुन्हा सुरू करू नये, आणि डॉक्टरांनी थेंब बंद करायला सांगितले की ती बाटली घरात ठेवूच नये.