पदकाच्या कडेवरचं नाव

आमच्या घरात एक चांदीचं पदक आहे. एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत पणजोबांचा नंबर, नाव आणि ११७ मराठा पलटण. नावाचं स्पेलिंग चुकलंय. शिवाय कडेलाच कानशीचा एक खोल ओरखडा आहे. एका वाईट वर्षी पणजी ते सोनाराकडे घेऊन गेली होती, त्याने चांदी खरी का ते घासून बघितलं. मग विकायचं का राहिलं, हे आजीलाही माहीत नव्हतं.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका हायस्कुलात इतिहास शिकवते. पहिल्या महायुद्धाची कारणं दरवर्षी फळ्यावर लिहिते: साम्राज्यवाद, लष्करवाद, गुप्त करार, साराजेव्होत झालेला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा खून. एका वर्षी मी ते पदक वर्गात नेलं होतं. ते हातात घेऊन एका मुलाने विचारलं, "मॅडम, पण ह्यात तुमचे पणजोबा कुठे आले?"

खरंच, कुठे आले? २८ जून १९१४ ला साराजेव्होत गोळी सुटली आणि ४ ऑगस्टला ब्रिटन युद्धात उतरलं. मधल्या ३७ दिवसांत जे ठरलं ते मोजक्या राजवाड्यांत आणि कचेऱ्यांत. समोरचा आपल्या आधी फौज गोळा करील, ही धास्ती प्रत्येकाला. हिंदुस्थानच्या वतीने व्हाइसरॉय हार्डिंगने युद्ध जाहीर केलं, इथल्या कुणालाही न विचारता. नोव्हेंबरात तुर्कस्तानशी जुंपली. इराणी आखाताच्या वरच्या टोकाशी अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना होता. ब्रिटिश आरमार कोळशावरून तेलावर चाललं होतं आणि तो कारखाना चालवणाऱ्या तेल कंपनीत ब्रिटिश सरकारने त्याच वर्षी मोठा हिस्सा घेतला होता. म्हणून मुंबईहून जहाजं सुटली, आणि ६ नोव्हेंबरला अबादानजवळच्या इराकी किनाऱ्यावर, फाव इथे उतरलेल्या फौजेत ११७ मराठा होती.

पणजोबांना यातलं काही ठाऊक असायचं कारणच नव्हतं. ते युद्धाच्या तीन वर्षं आधीच भरती झाले होते. छप्पनच्या (१८९९-१९०० च्या) दुष्काळात बैल गेले, जमीन सावकाराकडे गहाण पडली, ती सुटलीच नाही. शिपायाला महिना ११ रुपये मिळत. आजी सांगायची, त्यांच्या मनिऑर्डरीवर दोन बहिणींची लग्नं झाली. पण नुसत्या पोटासाठी गेले असं म्हटलं, तर मी त्यांच्यावर अन्याय करीन. भावकीतला एक हवालदार सुट्टीवर आला की जत्रेत लोक त्याला बसायला घोंगडी टाकत. कूळ म्हणून सावकाराच्या ओट्याखाली उभं राहिलेल्या पोराला ती घोंगडी दिसत असणारच.

ज्यांना हा मानही नाकारला होता, त्यांची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. महार सैनिकांच्या पिढ्यांनी ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत नोकरी केली होती, तरी १८९० च्या दशकात त्यांची भरती बंद झाली. त्यांनी पुन्हा पुन्हा अर्ज केले. माणसं कमी पडू लागली तेव्हा, १९१७ मध्ये, १११ महार पलटण उभी राहिली. गरज सरली आणि १९२१ मध्ये ती मोडली. बंदूक मागणाऱ्या त्या माणसांना युद्धाची हौस होती, असं कोण म्हणेल?

आणि एकदा गेल्यावर माणूस तिथे का टिकतो? पणजोबांना आजीने लहानपणी हेच विचारलं होतं. "मागं फिरलो असतो तर गावात तोंड कसं दावलं असतं?" एवढंच ते म्हणाले. पलटणीतल्या तुकडीत सगळी आपल्याच मुलखातली, सोयऱ्याधायऱ्यांतली माणसं. फौजेने गावाची अब्रूच उचलून खंदकात नेऊन ठेवली होती.

नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे, टेसिफोनच्या लढाईत त्यांच्या मांडीत गोळी लागली. जखमी म्हणून नदीतून खाली पाठवले, म्हणून वाचले. त्यांचा चुलत भाऊ मात्र पलटणीबरोबर कुत गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात अडकला. १४७ दिवस. शेवटी घोडे कापून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ ला तिथल्या फौजेचा प्रमुख जनरल टाउनशेंड शरण गेला. त्याला इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात ठेवलं, शिपायांना वाळवंटातून पायी हाकललं. ते चुलत पणजोबा परत आले नाहीत. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली, हिंदी शिपायांचे नुसते आकडे. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या जवळच्या अपशिंगे गावातले ४६ जण त्या युद्धात कामी आले. त्यांना गावाने तरी लक्षात ठेवलं.

तो प्रश्न विचारणारा मुलगा आता बारावीत आहे. पहाटे पाचला कॅनॉलच्या रस्त्यावर पळतो. अग्निवीरच्या भरतीत १६०० मीटर साडेपाच मिनिटांत काढले तर पूर्ण गुण मिळतात, त्याला अजून बारा सेकंद जास्त लागतात. चार वर्षांनी चारांतला एकच कायम होतो, हे त्याला पक्कं माहीत आहे. त्याची आई मला म्हणाली, "मॅडम, घरात नुसतं बसून राहण्यापरीस बरं. निदान अकरा लाख तरी हातात येत्याल."

मी तिला काय सांगणार होते? परवा तो घरी आला, पदक पुन्हा मागून घेतलं, कानशीच्या ओरखड्यावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "मॅडम, ते दुसरे आजोबा, त्यांच्या घरी कळवलं होतं का कुणी?"

कळवलं होतं. तार नव्हती आली. दोन वर्षांनी पाटलाने चावडीवर बोलावून सांगितलं.