कुडूसाठी गोळी निवडताना: माझा अनुभव

नागपुरात महालातल्या आमच्या जुन्या घरी आजोबांची एक पितळी डबी आहे आणि तिच्यात थ्री-फिफ्टीन रायफलची फुटून वेडीवाकडी झालेली एक गोळी आहे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्यापूर्वी, परवाना काढून शिकार करता येत असे त्या काळात, उमरेडकडच्या जंगलात आजोबांनी सांबरावर झाडलेली ही गोळी खांद्याच्या हाडावरच फुटली आणि जखमी जनावर दुसऱ्या दिवशी दुपारी सापडले. हा प्रसंग सांगताना आई नेहमी आवाज खाली आणत असे.

माझा भाचा नामिबियात विंडहुकला नोकरीस आहे. तेथे परवाना आणि अधिकृत मार्गदर्शक घेऊन कुडूची शिकार कायदेशीरपणे करता येते. कुडू हा नीलगायीच्या कुळातला प्राणी असून भरलेला नर सव्वादोनशे किलोच्या आसपास भरतो. मी तिथे कुडूच्या शिकारीला जाणार होतो. रायफल तिथेच भाड्याने मिळणार होती, थर्टी-ऑट-सिक्स जातीची. "मामा, गोळी कोणती ते मात्र तुम्ही आधी कळवा," असे भाच्याने सांगितले आणि माझा अभ्यास सुरू झाला.

आरंभी मी आकड्यांच्या मागे लागलो. नामिबियात कुडूसाठी गोळीची ऊर्जा किमान 2700 ज्यूल असावी असा नियम आहे. या रायफलीची 150 ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) हलकी गोळी सुमारे 3800 ज्यूलने निघते आणि 180 ग्रेनची जड गोळी सुमारे 3950 ज्यूलने, म्हणजे दोन्ही नियमात सहज बसतात. हलकी गोळी वेगवान असल्यामुळे लांबवर जाताना कमी खाली येते, म्हणून मी तीच पसंत करून बसलो होतो. पुढे हिशेब केला तेव्हा 200 मीटरवर दोघींच्या उतारातला फरक जेमतेम बोट-दोन बोटे निघाला. एवढ्यासाठी जड गोळी सोडणे मला पटेना.

त्याच आठवड्यात डबी घेऊन मी इतवारीतल्या ओळखीच्या सराफाकडे गेलो. त्याने काही न विचारता गोळी काट्यावर ठेवली (सराफ मंडळींचा हा गुण मला फार आवडतो). मुळात 244 ग्रेनची, म्हणजे 15.8 ग्रॅमची ती गोळी 8.6 ग्रॅम भरली. जवळजवळ निम्मे शिसे सांबराच्या खांद्यातच विखुरले होते आणि उरलेला तुकडा फुप्फुसांपर्यंत पोहोचलाच नव्हता. निघताना किती ज्यूल होते याला तेव्हा काही अर्थ उरला नव्हता. हाड ओलांडून आत जाईपर्यंत गोळी किती शाबूत राहते, हे पाहायला हवे होते.

मग बांधणी पाहू लागलो. साध्या मऊ टोकाच्या गोळीत तांब्याच्या पातळ कवचात शिसे असते. जवळच्या अंतरावर, वेग जास्त असताना, ती लवकर फुटते. पूर्ण कवचाची 'सॉलिड' गोळी हत्तीसारख्या जनावरासाठी ठीक, परंतु कुडूत ती अरुंद भोक पाडून आरपार जाते आणि मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या जनावरालाही लागू शकते. अमेरिकन शिकारी जॉन नॉस्लर यांना 1946 मध्ये मूस या मोठ्या हरणाच्या शिकारीत आजोबांसारखाच अनुभव आला आणि त्यातून त्यांनी कवचाच्या मधोमध तांब्याची आडभिंत असलेली 'पार्टिशन' गोळी बनवली. तिचा पुढचा भाग उमलतो, भिंतीमागचा भाग अखंड राहून आत शिरतो. 180 ग्रेनची पार्टिशन, असे मी भाच्याला कळवले.

तिथल्या मार्गदर्शकाने निवड मान्य केली, पण आधी त्याच पेटीतल्या गोळ्यांनी 100 मीटरवर रायफलीचा नेम जुळवून घेतला, कारण गोळी बदलली की नेमही सरकतो. माझ्या पहिल्या तीन गोळ्या वीतभर उजवीकडे पडल्या.

तिसऱ्या दिवशी सुमारे 120 मीटरवरून बार काढला. कुडू चाळीसएक पावले जाऊन कोसळला. खांदा मोडून, फुप्फुसे ओलांडून, गोळी पलीकडच्या कातडीखाली अडकली होती. शेतावरच्या काट्यावर ती 7.8 ग्रॅम भरली. निघताना ती 11.7 ग्रॅमची होती.

ती डबीत ठेवावी असे फार वाटले. पण वापरलेली का होईना, गोळी घेऊन विमानतळावरची झडती नको, म्हणून ती भाच्याकडेच राहिली.