खांदा सैल सोडायला शिकलो

लेकीचा खांदा दुखतोय हे मला वेणीवरून कळलं. रोज स्वतःची वेणी घालणारी पोर त्या सकाळी कंगवा घेऊन माझ्यापुढे येऊन बसली. तेरा वर्षांची आहे, वर्षभरापासून सॉफ्टबॉलमध्ये पिचिंग करते. चेंडू खालून टाकायचा, त्यात खांद्याला कसला त्रास, असंच मलाही वाटायचं. डॉक्टरांनी तीन आठवडे चेंडूला हात लावायचा नाही म्हणून बजावलं.

दुखणं थांबल्यावर रेशीमबागेच्या मैदानावर एका जुन्या खेळाडू ताईंना तिचं पिचिंग दाखवलं. पाच-सहा चेंडू बघून त्या म्हणाल्या, "काहून ढकलते गं चेंडू? अन् कोपर तोंडापुढे काहून आणते?"

तिला तसंच शिकवलं होतं: चेंडू सोडला की कोपर समोर उचलायचं. ताईंनी ते मोडूनच काढलं. हात गोल फिरून खाली येताना कोपर किंचित वाकलेलं हवं. आधी कोपर येतं, मग मनगट, सगळ्यात शेवटी चेंडू. कोपराखालचा हात कमरेला घासतो, दंड तिथे थबकतो आणि मनगट चाबकासारखं सुटतं. वेग तिथून येतो. पुढे हात जाईल तिकडे जाऊ द्यायचा.

पहिले दहा दिवस चेंडू नाहीच. घरी मोज्याचा गोळा करून भिंतीवर टाकायचा, फक्त कमरेला घासणं जमेपर्यंत. मग मैदानावर फक्कीची सरळ रेघ मारली. पुढचा पाय रेघेवर, साधारण ४५ अंशांत पडायला हवा. तो रेघ ओलांडून आडवा पडला की कंबर हाताच्या वाटेत येते आणि चेंडू भलतीकडे जातो. हे जमायला सगळ्यात जास्त वेळ गेला, ती दोनदा रडलीसुद्धा.

मे महिना, म्हणून सहाला सुरू आणि साडेसातच्या आत घरी. मी ग्लोव्ह घालून समोर बसायचे. दहा फुटांवरून सुरुवात, मग वीस, मग तीस. दिवसाला पन्नासच चेंडू, वहीत मोजून. ती हुज्जत घालायची, "आई, जपानच्या पिचर उएनोने बीजिंग ऑलिम्पिकमध्ये दोन दिवसांत ४१३ टाकले होते!" खरं आहे ते. पण २००८ मध्ये युकिको उएनो २६ वर्षांची होती, हेही मी तिला रोज सांगायचे.

परवा पहिल्यांदा ४३ फुटांवरून टाकले, महिलांच्या सामन्यात असतं तेवढं अंतर. बारापैकी सात नीट आले, बाकीचे उशिरा सुटून वर गेले. तिच्या ट्रॅकपँटला उजव्या बाजूला, कमरेखाली, घासून घासून कापडाचे बारीक गोळे आलेत.