पेनाने मारलेली रेघ

खानापूरकडचा जुलैचा पाऊस. कपडे वाळायचं नाव नाही, म्हणून तेरा महिन्यांच्या बाळाला दिवसरात्र डायपर. त्यात जुलाब लागले आणि खालची कातडी लालबुंद झाली. सासूबाईंनी खोबरेल लावलं, जवळच्या डॉक्टरांनी मलम दिलं. डायपरचं पुरळ, घरोघरी होतं.

तिसऱ्या दिवशी ताप चढला आणि रडणं बदललं. लंगोटाचा कपडा नुसता लागला तरी किंचाळायचा. दिसायला तर लाली तळहाताएवढीही नव्हती. संध्याकाळी अंडाची पिशवी सुजून चकचकीत झाली, कडेला उडदाएवढा काळसर डाग. डॉक्टर म्हणाले, "उद्या बघू." त्या 'उद्या'चा राग अजून आहे. थोडा स्वतःवरही, कारण आदल्या रात्रीच मला काहीतरी वेगळं वाटलं होतं.

रात्रीच बेळगाव गाठलं. कॅज्युअल्टीत सिस्टरनी लालीच्या कडेनं बॉलपेननं रेघ मारली. "अंजबेडरी अक्का," म्हणाल्या, म्हणजे घाबरू नका ताई. तासाभरात लाली रेघेच्या बोटभर बाहेर! सर्जन स्कॅनसाठी थांबलेच नाहीत.

त्यांनी मराठीतच सांगितलं: फोर्नियर्स गँगरीन. 1883 मध्ये पॅरिसच्या एका डॉक्टरांनी याचं वर्णन केलं, त्यांचंच नाव. बहुतेक मोठ्या माणसांना होतो, त्यातही मधुमेह असलेल्यांना. इतक्या लहानांत क्वचित. जंतू कातडीखालून पसरतात, बारीक रक्तवाहिन्या बुजतात, मांस मरतं. जिथं रक्त जात नाही तिथं सलाइनमधलं औषध तरी कसं पोचणार? म्हणून मेलेलं कापून काढायचं, तेही लगेच.

संमतीचा कागद कन्नड-इंग्रजीत. मी मराठी शाळेतली. शेजारच्या पेशंटच्या भावानं वाचून दाखवला. शी जखमेत जाऊ नये म्हणून पोटावर वाट काढणार, असं त्यात होतं. मी एवढंच विचारलं, गोट्या राहतील ना? "त्यांना रक्त वेगळ्या वाटेनं येतं, बहुतेक वाचतात," सर्जन म्हणाले. वाचल्या.

आणखी दोनदा ऑपरेशन झालं. रोजच्या ड्रेसिंगला मी बाहेर जाऊन उभी राहायची. एवढ्या लहान बाळाला हे का झालं म्हणून पांढऱ्या पेशी, ब्लड कॅन्सर, सगळं तपासलं. काही निघालं नाही. मांडीची कातडी काढून जखमेवर लावली. बीपीएल कार्डावर आयुष्मानमधून झालं, झेरॉक्स काढून नवरा दमला तो वेगळा.

खरी शिकले ती पोटावरच्या वाटेला शीची पिशवी लावायला. भोकाच्या मापाचा गोल आधी कागदावर कापायचा, मग पिशवीच्या चकतीवर. जरा फट राहिली की शी कातडीला लागून भाजल्यासारखं होतं. पहिल्या आठवड्यात चार पिशव्या वाया घालवल्या. बाळ मात्र ती ओढायचा खेळ खेळायचं.

तीन महिन्यांनी पोटावरची वाट बंद केली. चौथ्या दिवशी सकाळी सासूबाई ओरडल्या. धावत गेले, तर त्या भरलेला लंगोट हातात धरून सगळ्या वॉर्डाला दाखवत होत्या.