हातचं राखलेला पूल

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचा फोटो पाहताना नजर आधी त्या दगडी मनोऱ्यांवरच जाते. टोकदार कमानींचा थाटच तसा आहे. मला मात्र त्या पुलाच्या तारांचं वेड आहे. मनोरे काय, नुसते उभे राहून भार जमिनीत सोडतात. ओढ सहन करतात त्या केबल. चार केबल, प्रत्येकीची जाडी पावणेसोळा इंच, आणि प्रत्येकीच्या पोटात पोलादाच्या ५,४३४ तारा. पीळ अजिबात नाही. एकेक तार चाकावरून नदीपार नेऊन शेजारी शेजारी, सरळ मांडलेली. अशा १९ जुड्या एकत्र आवळल्या की एक केबल.

पुलाची कल्पना जॉन रोबलिंग यांची. १८६९ मध्ये जागेची पाहणी करताना पाय फेरीबोट आणि धक्क्याच्या मध्ये चिरडला आणि ते धनुर्वाताने गेले. मुलगा वॉशिंग्टन पुढे झाला. नदीच्या तळाशी, दाबाच्या हवेत पाया खोदताना जडलेल्या दुखण्याने त्याला घरी बसवलं. मग त्याच्या सूचना घेऊन कामावर जायची ती पत्नी एमिली. तिच्यावर खरं तर वेगळं लिहायला हवं.

पण आज सांगायची आहे ती लबाडी. तारेचं कंत्राट मिळालं जे. लॉइड हे (Haigh) नावाच्या गृहस्थाला. त्याच्या कारखान्यात तपासनीस भेंडोळी तपासायचे आणि पास करायचे. माल गाडीत चढायचा, आणि वाटेत एका इमारतीशी गाडी थांबायची. तिथे चांगली तार उतरायची, नापास झालेली चढायची. चांगली गुपचूप परत कारखान्यात, पुन्हा तपासणीला! तीच ती तार, दर वेळी नव्याने पास. १८७८ मध्ये हे उघडकीला आलं, तोवर शेकडो टन हलकी तार केबलमध्ये जाऊन बसली होती. ती उपसून काढायची तर मांडलेलं सगळंच मोडावं लागणार.

पूल टिकला तो हिशेबामुळे. लागेल त्याच्या सहापट ताकदीचा आराखडा रोबलिंगनी धरला होता. वॉशिंग्टनने पुन्हा आकडेमोड केली: खोट धरूनही निदान पाचपट उरत होती. त्याने प्रत्येक केबलमध्ये दीडशेच्या आसपास चांगल्या तारा वाढवायला लावल्या, त्याही कंत्राटदाराच्या खर्चाने. शिवाय मनोऱ्यांपासून तिरक्या उतरणाऱ्या ताणतारा होत्याच. केबल काढून टाकल्या तरी पूल मध्यभागी खचेल, पण पडणार नाही, असं जॉन यांचं म्हणणं होतं. एवढं हातचं राखायला माणसाने जगाचे किती अनुभव घेतले असतील!

२४ मे १८८३ ला पूल खुला झाला. दोन मनोऱ्यांमधलं अंतर ४८६ मीटर, तेव्हा जगात सगळ्यात लांब. सहाच दिवसांत पूल कोसळतोय अशा आवईने चेंगराचेंगरी होऊन १२ माणसं मेली. पूल जागचा हललाही नव्हता. पुढच्या वर्षी सर्कसवाल्या बार्नमने त्यावरून २१ हत्ती चालवले, तेव्हा कुठे लोकांची खात्री पटली. आकडेमोडीपेक्षा हत्ती पटतो, हे मला समजू शकतं.

ती हलकी तार आजही तिथेच आहे, चांगल्या तारांच्या खांद्याला खांदा लावून भार उचलते आहे. आणि ते कंत्राटदार महाशय? ते पुढे तुरुंगात गेले. पण पुलाच्या तारांपायी नव्हे, खोट्या कागदपत्रांच्या भलत्याच भानगडीत.