भोगवे ते निवती, पायी

राधानगरी, फोंडा घाट करत काल रात्री कोल्हापूरहून सिंधुदुर्गातल्या भोगव्याला पोहोचलो. एका काकूंनी माडाच्या वाडीत तंबू ठोकू दिले. सकाळी उजाडताच निवतीच्या किल्ल्याकडे चालायला लागलो.

भोगव्याचा किनारा लांबलचक. उत्तरेला कर्ली नदी समुद्राला मिळते, पलीकडे देवबाग. आम्ही दक्षिण धरली. ओल्या वाळूवरनं चालणं सोपं, खरा घाम काढला किल्ल्याच्या चढानं. जांभ्या दगडाची वाट, दोन्ही बाजूंना करवंदीच्या जाळ्या. आणि वर पोहोचल्यावर काय सांगू! एका अंगाला आख्खं भोगवे, दुसऱ्या अंगाला निवतीचं बंदर, होड्या, आणि दूर समुद्रात वेंगुर्ला रॉक्सवरचं दीपगृह. त्या खडकांतल्या गुहांमध्ये पाकोळ्या घरटी करतात. एवढ्या खाऱ्या वाऱ्यात त्या पिल्लं वाढवतात, याचंच मला किती वेळ नवल वाटत राहिलं.

तटबंदी मात्र ढासळत चालली आहे. भिंतींत झाडांची मुळं घुसलीत. तटाशी पडलेल्या बाटल्या बघून जीव तुटला. जमतील तेवढ्या आम्ही पिशवीत भरून खाली आणल्या. जाणाऱ्यांनी पाणी भरपूर न्या, वर काही मिळत नाही. पण बाटली परत आणा, एवढं कराच.

दुपारी काकूंकडे बांगड्याचं तिखलं आणि भात. तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेली आमची पोरं, पण सोलकढी मागून मागून प्यायली.

थंडी सरायच्या आत परत जायचंय, यावेळी घरच्यांना घेऊन. कोण येतंय?