तुम्ही विचारलंत म्हणून: स्टर्नड्राइव्हचे बेलोज किती वर्षं टिकतात?

एप्रिल उजाडला की मिशिगनमधल्या तळ्यांवरचं बर्फ जातं, जुन्या बोटी विक्रीला निघतात आणि माझा फोन वाजायला लागतो. डेट्रॉइटच्या आसपास राहणाऱ्या आपल्या मंडळींपैकी कुणीतरी बोट बघून आलेलं असतं. "काका, बोट दहा वर्षांची आहे, पण इंजिन फक्त २०० तास चाललंय. बेलोज मूळचेच आहेत. अजून किती वर्षं टिकतील?" मी नोकरीभर मोटारींच्या रबरी भागांचं काम केलं आणि बोट डेट्रॉइटजवळच्या लेक सेंट क्लेअर या तळ्यावर ठेवली, म्हणून हा प्रश्न माझ्याकडे येतो. फोनवर घाईत सांगण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहितो.

बेलोज म्हणजे स्टर्नड्राइव्ह बोटीच्या मागच्या फळीतलं भोक बंद ठेवणारी घड्यांची रबरी नळी; ती नीट पुढे समजावतो. आधी उत्तर. गोडं पाणी आणि ट्रेलरवरून ने-आण करायची बोट असेल तर पाच वर्षं. गोड्या पाण्यातच, पण सगळा मोसम धक्क्याला बांधलेली असेल तर चार. खारं पाणी असेल तर दोन, फार तर तीन. हे माझे आकडे आहेत. कंपन्यांचं म्हणणं एकसारखं नाही. व्होल्वो पेंटा आपल्या बऱ्याच ड्राइव्हसाठी दर दोन वर्षांनी ड्राइव्हशाफ्टचे बेलोज बदलायला सांगते. मर्क्रूझरचा भर दरवर्षी ड्राइव्ह उतरवून तपासण्यावर आहे. दहा-बारा वर्षं टिकलेले बेलोज मीही पाहिलेत. पण दुसऱ्याचे टिकले म्हणून तुमचे टिकतीलच, असं मी कुणालाही सांगणार नाही.

ज्यांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. स्टर्नड्राइव्ह बोटीत इंजिन आत असतं, मागच्या फळीला, म्हणजे ट्रान्समला, अगदी लागून. फळीच्या बाहेर ड्राइव्हचा पाय लटकतो आणि त्याच्या खालच्या टोकाला पंखा असतो. हा पाय डावी-उजवीकडे वळतो, वरही उचलला जातो, आणि तरी आतल्या इंजिनाची ताकद फिरत्या दांड्यावरून त्याच्यापर्यंत पोचावी लागते. जिम विन या अमेरिकन इंजिनिअरने हे कोडं दुहेरी युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे वाकूनही फिरता राहणारा सांधा, वापरून सोडवलं. व्होल्वो पेंटाने ते ॲक्वामॅटिक या नावाने १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात मांडलं, आणि दोन वर्षांनी, १९६१ मध्ये, मर्क्रूझर आलं.

तो दांडा फळीतून आरपार जातो, तेव्हा फळीला भोक आलंच. ते भोक पाण्याच्या पातळीच्या खाली असतं. वळणाऱ्या-उचलणाऱ्या सांध्याभोवती ते बंद ठेवायचं तर लवचीक काहीतरी हवं, म्हणून हार्मोनियमच्या भात्यासारख्या घड्यांची रबरी नळी दोन्ही टोकांना क्लॅम्पने आवळून बसवलेली असते. हेच बेलोज. मर्क्रूझरच्या ड्राइव्हवर ते साधारण तीन असतात: युनिव्हर्सल जॉइंटभोवतीचं मोठं, एक्झॉस्टचं, आणि गिअर बदलायच्या केबलवरचं बारीक. व्होल्वोच्या बऱ्याच ड्राइव्हवर केबलचं वेगळं बेलोज नसतं.

तिघांची जोखीम सारखी नाही. एक्झॉस्टचं फाटलं तर आवाज वाढतो, धूर भलतीकडून निघतो, पण पाणी आत येत नाही. तरी ते तसंच ठेवू नका, कारण गरम धूर शेजारच्या मोठ्या बेलोजवर जाऊ शकतो. केबलचं बारीक बेलोज लोक विसरतात, आणि त्याच्यातून आलेलं पाणी थेट बोटीत उतरतं. मोठ्याचं काय होतं ते पुढे सांगतो.

आता २०० तासांचं. विकणारा हा आकडा अभिमानाने सांगतो आणि घेणारा त्यावर खूश होतो. इंजिनापुरता तो अर्थपूर्ण आहे. बेलोजचं तसं नाही. दहा वर्षांचे तास होतात ८७,६००, आणि तेवढा सगळा वेळ ते रबर कुठल्या ना कुठल्या आकारात ताणलेलं किंवा दाबलेलं होतं. माझ्या कामाच्या अनुभवावरून मी ठामपणे म्हणतो की बेलोज चालून कमी आणि उभं राहून जास्त मरतात.

कारण रबराच्या रसायनात आहे. हवेत ओझोन नेहमी असतो, अगदी थोडा, पण तो रबराच्या रेणूंमधले दुहेरी बंध तोडतो. महत्त्वाचं हे की सैल पडलेल्या रबराला तो फारसं काही करत नाही, ताणलेल्या रबरात मात्र ताणाच्या आडव्या दिशेने बारीक चिरा पाडतो. बेलोजसाठी वापरतात ते निओप्रीनसारखं कृत्रिम रबर साध्या नैसर्गिक रबरापेक्षा ओझोनला बरंच जास्त पुरून उरतं, आणि त्यात संरक्षक द्रव्यं मिसळलेली असतात. पण ती द्रव्यं हळूहळू संपत जातात, बोट चालो की न चालो. दुसरं, रबर महिनोन् महिने एकाच आकारात ठेवलं की तो आकार धरून बसतं आणि मग पुन्हा सरळ व्हायला कुरकुरतं. ऊन आणि इंजिनाच्या तेलाचे शिंतोडे हे दोन्ही त्यात भर घालतात.

त्यामुळे ड्राइव्ह उभा कसा ठेवता यावर सगळं आहे. वर उचलून ठेवलेल्या ड्राइव्हमध्ये बेलोजच्या वरच्या बाजूच्या घड्या चेपलेल्या आणि खालच्या बाजूच्या ताणलेल्या राहतात. आमच्याकडे ऑक्टोबर ते मे बोट जमिनीवर असते. एवढे महिने ड्राइव्ह वर ठेवला तर मोठ्या बेलोजची खालची बाजू सगळा हिवाळा ताणाखाली जाते, आणि चिराही तिथेच दिसतात. हिवाळ्यात ड्राइव्ह पूर्ण खाली ठेवा. त्याचा आणखी एक फायदा असा की आतलं पाणी निथळून जातं. वर ठेवलेल्या ड्राइव्हच्या पोकळीत पावसाचं आणि वितळलेल्या बर्फाचं पाणी साचतं, ते गोठून फुगलं की ॲल्युमिनियमला तडा जाऊ शकतो. धक्क्याला बांधलेल्या बोटीतही मी ड्राइव्ह खालीच ठेवतो. खालच्या भागावर शेवाळ जास्त येतं, हे मान्य. शेवाळ खरवडून निघतं.

आमच्या तळ्याची आणखी दोन संकटं आहेत. झेब्रा मसल हे शिंपले उत्तर अमेरिकेत पहिल्यांदा सापडले ते १९८८ मध्ये, याच लेक सेंट क्लेअरमध्ये. ते घड्यांच्या खोबणीत चिकटतात आणि त्यांच्या कडा धारदार असतात. ड्राइव्ह हलला की घडी मिटते आणि शिंपला रबरात रुततो. दुसरं संकट मस्करॅटचं. उंदराच्या कुळातला हा पाणप्राणी धक्क्याखाली राहतो आणि बेलोज कुरतडतो. नवंकोरं बेलोजही एका रात्रीत भोक पडलेलं मिळू शकतं. त्यावर वय बघून काही उपाय नाही, अधूनमधून डोळ्यांनी बघणं एवढाच आहे.

मोठं बेलोज फुटलं की काय होतं ते आता. आत युनिव्हर्सल जॉइंट असतात आणि त्यांच्या पुढे, फळीच्या बाजूला, दांड्याला आधार देणारं गिंबल बेअरिंग. दोघांनाही पाणी चालत नाही. छोटी चीर असेल तर सुरुवातीला पाणी झिरपतं, ग्रीस धुपतं, बेअरिंग गंजतं. इंजिन मंद चालू ठेवून स्टिअरिंग या टोकाहून त्या टोकाला फिरवा आणि ट्रान्समजवळ कान द्या. वळताना घरघर वाढत असेल तर गिंबल बेअरिंग गेलंय, आणि ते गेलं याचा अर्थ बहुतेक वेळा बेलोजने पाणी आत सोडलंय. चीर मोठी झाली तर पाणी बेअरिंगच्या पुढे बोटीत येतं. तिथे सील असतं, पण तळं अडवून धरायला ते बनवलेलं नाही. मग बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळाशी साचलेलं पाणी उपसणारा पंप, लागतो, बॅटरी असेपर्यंत चालतो, आणि बॅटरी संपली की थांबतो. धक्क्याला शांत बांधलेल्या बोटी याच वाटेने बुडतात, आणि बहुधा तिथे कुणी नसताना.

म्हणूनच मी "बघून ठरवू" या मताचा नाही. ड्राइव्ह पूर्ण उचलून, टॉर्च घेऊन, प्रत्येक घडी उघडून बघणं चांगलंच आहे, मोसमातून दोनदा तरी करा. गंजलेले क्लॅम्पही तेव्हाच दिसतात. पण चीर आतल्या बाजूने किंवा क्लॅम्पखालच्या कडेला असेल तर बाहेरून काहीच कळत नाही. खरी तपासणी ड्राइव्ह उतरवूनच होते, आणि दरवर्षी तो उतरवायचा असतोच: युनिव्हर्सल जॉइंट बघायचे असतात, इंजिनाचं अलाइनमेंट, म्हणजे ते ड्राइव्हच्या सरळ रेषेत आहे का, तपासायचं असतं. आत पाण्याचे थेंब, गंजाचा तांबूस पट्टा किंवा दुधाळ झालेलं ग्रीस दिसलं तर वर्षं मोजत बसू नका.

बेलोजला चमक आणणारे फवारे मारू नका, हे मोटारीच्या रबरावर काम केलेला माणूस म्हणून आवर्जून सांगतो. रबरातलं संरक्षक मेण पृष्ठभागावर येऊन पातळ थर धरतं. खनिज तेलाचा फवारा तो थर धुऊन नेतो आणि रबर फुगवतो. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरेत.

बदलायचं ठरलं की अर्धं काम करू नका. खर्च रबराचा थोडा आणि मजुरीचा जास्त असतो, कारण ड्राइव्ह काढून बेल हाउसिंगही, म्हणजे बेलोज ज्याला बसतात तो बाहेरचा भाग, सुटं करावं लागतं. एकदा तिथवर पोचलात की तिन्ही बेलोज आणि गिंबल बेअरिंग एकत्रच बदला, केबल जुनी असेल तर तीही. बसवणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. जुना गोंद आणि गंज खरवडून कडा स्वच्छ केली का? जिथे कंपनी गोंद सांगते तिथे तो लावून वाळू दिला का? आणि ड्राइव्ह चढवण्याआधी अलाइनमेंट बार, म्हणजे ती सरळ रेषा तपासायचा दांडा, घालून पाहिला का? अस्वच्छ कडेवर बसवलेलं नवं बेलोज ड्राइव्ह वर उचलताना निसटू शकतं, आणि निसटलेलं बेलोज फाटलेल्यापेक्षा वाईट, कारण सगळं तोंडच उघडं पडतं. बाजारात स्वस्त नकलाही मिळतात. हा भाग पाण्याखालचं भोक बुजवतो, म्हणून मी कंपनीचा किंवा नावाजलेल्या उत्पादकाचाच घेतो.

मुंबईहूनही कधी कधी विचारणा होते. गेट वे ते मांडवा जाणाऱ्या लाँचला इंजिन आत आणि दांडा सरळ तळातून बाहेर, स्पीडबोटींना मागे आउटबोर्ड. त्या दोन्हींना हे बेलोज नसतात, म्हणून तिथल्या मेकॅनिकच्या हाताखालून हे काम कमी जातं. पण कुणाकडे स्टर्नड्राइव्हची बोट असेल तर तिथलं उबदार खारं पाणी माझ्या तळ्यापेक्षा कितीतरी कठोर आहे. घड्यांमध्ये बार्नकल, म्हणजे समुद्रात चिकटून वाढणारे कवचाचे जीव, धरतात, आणि त्यांची धार झेब्रा मसलपेक्षा जास्त. तिथे दोन वर्षांपलीकडे थांबू नका. पावसाळ्यात बोट वर काढून शाकारून ठेवाल तेव्हा ड्राइव्ह खाली करून ठेवा, बार्नकल लाकडी पट्टीने काढा, लोखंडी खरवडणी घड्यांच्या जवळही नेऊ नका.

विम्याबद्दल एकच गोष्ट. बोटींच्या पॉलिसीत झीज आणि देखभालीअभावी झालेलं नुकसान सर्रास वगळलेलं असतं, आणि जुनं रबर फाटणं हे त्या कलमात बसवता येतं. बुडालेल्या बोटीची भरपाई मिळेल की नाही हे त्यामुळे कधी कधी बेलोज कधी बदललं यावर येऊन ठेपतं. पॉलिसीतलं ते कलम वाचा आणि कामाची पावती जपून ठेवा. वापरलेली बोट घेताना मी हीच पावती मागतो. ती नसेल तर बेलोज मूळचेच आहेत असं धरतो आणि पूर्ण बदलीचा खर्च किमतीतून कापायला सांगतो.

नवे बेलोज बसवून बोट पहिल्यांदा पाण्यात सोडाल तेव्हा ट्रेलर लगेच हलवू नका. रॅम्पवरच बिल्ज कोरडं पुसून घ्या, ड्राइव्ह सावकाश वर-खाली आणि डावी-उजवीकडे पूर्ण फिरवा, अर्धा तास थांबा आणि पुन्हा बघा. ट्रान्समच्या आतल्या बाजूने हाताचं बोट फिरवून ओल लागते का तेही पाहा. जरा जरी ओल वाटली तर बोट परत ट्रेलरवर चढवा. कोरडं असेल तर जवळच एक फेरी मारून या, आणि संध्याकाळी घरी जाण्याआधी पुन्हा एकदा बिल्जचं झाकण उघडून बघा.